शेती आणि अन्नाचे कायदे सतत बदलतात. छोट्या शेतकरी कंपनीनं त्यांचा माग कसा ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी बेदाणा आणि हळद पावडर स्वतःच्या नावानं पॅक करून विकते. काही सभासदांची द्राक्षं युरोपला जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला ‘नवा नियम आला’ म्हणून काहीतरी फिरतं आणि धावपळ होते. कायम वकील ठेवण्याइतकी उलाढाल नाही. मग खरं काय, कधीपासून लागू आणि ते कुठं बघायचं?

सुरुवात बातम्यांपासून करू नका, स्वतःच्या मालापासून करा. एका कोऱ्या कागदावर बागेपासून पाऊचपर्यंत मालाचा प्रवास लिहा आणि प्रत्येक टप्प्यासमोर तिथं कोणाचा अधिकार चालतो ते मांडा. फवारणीसमोर कीटकनाशक कायदा १९६८ आणि फरीदाबादची केंद्रीय नोंदणी समिती येईल. बेदाण्याची गंधकाची धुरी, हळदीचा रंग, पाऊचवरचा मजकूर यांसमोर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, म्हणजे दिल्लीत एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) आणि आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन. पाऊचवरचं वजन आणि किंमत यांच्यावर वैधमापन विभागाचा, म्हणजे आपल्या ‘वजनमापे’वाल्यांचा हक्क, आणि त्यांची पॅकबंद वस्तूंची नियमावली २०११ ची. गोदामातल्या साठ्यासमोर जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५, बाजार समितीसमोर राज्याचा १९६३ चा कायदा. निर्यातीसमोर डीजीएफटी (परदेश व्यापार महासंचालनालय), कस्टम्स, अपेडा (शेतमाल निर्यातीचं केंद्रीय प्राधिकरण) आणि माल जिथं उतरणार त्या देशाचे नियम. पाकिटावर ‘सांगली बेदाणा’ किंवा ‘सांगली हळद’ असं भौगोलिक मानांकनाचं नाव छापायचं असेल, तर मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदही लागते.

हा कागद तयार झाला की फिरून येणाऱ्या दहांतले सात मजकूर आपल्या टप्प्यांना शिवतही नाहीत, हे लगेच दिसतं. उरलेल्या तिनांना चार प्रश्न विचारायचे. हे कोणी काढलं? कोणत्या कलमाखाली? लागू कधीपासून? आणि आज हातात असलेल्या मालाचं काय? ही चार उत्तरं मिळेपर्यंत छपाई थांबवू नका, औषध फेकू नका आणि काही ‘परत सुरू’ही करू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ मसुदा आणि अंतिम आदेश यांच्यात होतो. मे २०२० मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. त्यात मॅन्कोझेब होतं, कॅप्टन, कार्बेन्डाझिम, क्लोरपायरीफॉस, मॅलाथिऑनही होतं. द्राक्षपट्ट्यात मॅन्कोझेबशिवाय डाऊनी (केवडा रोग) कसा आवरायचा, ही धास्ती साहजिक होती, आणि ‘२७ औषधं बंद’ हे वाक्य आजही ठामपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात अंतिम आदेश २९ सप्टेंबर २०२३ चा आहे. त्यात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर. आणखी आठ औषधांचे ठरावीक वापर काढून टाकले: मॅन्कोझेब पेरू, ज्वारी आणि टॅपिओकावर, क्लोरपायरीफॉस बोर, लिंबूवर्गीय फळं आणि तंबाखूवर, मॅलाथिऑन द्राक्ष, आंबा, टोमॅटो, भेंडी, वांगं अशा अनेक पिकांवर, डायमेथोएट कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळं आणि भाज्यांवर. म्हणजे ज्यानं बातमी वाचून मॅन्कोझेब बंद समजलं तो चुकला, आणि ज्यानं ‘मसुदाच तर आहे’ म्हणून सोडून दिलं आणि द्राक्षावर मॅलाथिऑन चालू ठेवलं तोही चुकला. बंदी औषधावर असते, तशी पीक आणि औषध यांच्या जोडीवरही असते. म्हणून कृषी सेवा केंद्रात ‘हे औषध चालतं का’ असं विचारू नका. ‘या पिकावर याचा लेबल क्लेम, म्हणजे वापराची नोंदणीकृत मंजुरी, आहे का’ असं विचारा आणि बाटलीसोबतचं माहितीपत्रक वाचा.

तारखाही एकाच आदेशात वेगवेगळ्या असतात. तेल्या रोगासाठी डाळिंबावर सर्रास फवारल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या बंदी आदेशाचा मसुदा डिसेंबर २०२१ चा. त्यात आयात आणि उत्पादन बंद १ फेब्रुवारी २०२२ पासून, वापर पूर्ण बंद १ जानेवारी २०२४ पासून. कारखान्याची तारीख वेगळी आणि शेतकऱ्याची वेगळी, मधली जवळपास दोन वर्षं दुकानांतला माल संपवण्यासाठी. ‘दुकानात मिळतंय म्हणजे चालतंय’ हा हिशेब अशा मधल्या काळानंतर अंगाशी येतो, कारण शेवटची बाटली तारीख उलटल्यावरही कोपऱ्यात पडून असते.

मसुद्याबाबत एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. एफएसएसएआयचे विनियम कलम ९२ खाली आधी मसुदा, मग हरकती, मग अंतिम अधिसूचना असे येतात. पण अंतिम अधिसूचना निघण्याआधीच कलम १६ च्या पोटकलम ५ खाली निर्देश देऊन मसुद्यातल्या तरतुदी अमलात आणण्याचा मार्ग प्राधिकरणाकडे आहे आणि तो अनेकदा वापरला गेला आहे. त्यामुळे अन्नाच्या बाबतीत ‘राजपत्रात अंतिम आलं नाही’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. त्या विषयावर १६(५) चं पत्र निघालंय का, तेही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा.

उलट दिशेनंही घडतं. २१ ऑगस्ट २०२४ ला एफएसएसएआयनं दुधाच्या पाकिटांवरचे ‘ए वन’, ‘ए टू’ हे दावे काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत, २६ ऑगस्टला, ते पत्र मागं घेतलं. पहिल्या दिवशी हजारो पाकिटं रद्दीत घालणाऱ्याचं नुकसान कोणी भरून देत नाही. साधा सल्ला असा: पत्र आलं की नवी छपाईची ऑर्डर रोखून धरा, पण छापलेला माल मुदत बघून वापरत राहा. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं.

आता मूळ कागद कुठं सापडतो ते. भारताचं राजपत्र ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, पण तिथं नुसतं ‘हळद’ किंवा ‘पेस्टिसाईड’ टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. भाग माहीत हवा. एफएसएसएआयचे विनियम भाग ३, खंड ४ मध्ये असतात, कारण ते वैधानिक मंडळ आहे. कीटकनाशक बंदीचे आणि डीजीएफटीचे आदेश भाग २, खंड ३, उपखंड २ मध्ये, क्रमांकाआधी ‘का.आ.’ (इंग्रजीत ‘एस.ओ.’) असं लिहिलेले. कस्टम्सच्या दराच्या अधिसूचना उपखंड १ मध्ये, ‘सा.का.नि.’ (इंग्रजीत ‘जी.एस.आर.’) असं लिहून. मंत्रालय, भाग आणि तारखांची मर्यादा निवडली की यादी आटोपशीर होते. पहिली पानं हिंदीत, मागं तोच मजकूर इंग्रजीत. पहिल्या पानावर सीजी-डीएल असा सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यात आठ आकडी तारीख असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पीडीएफवर हा क्रमांक नसेल, किंवा त्यातली तारीख मजकुराशी जुळत नसेल, तर तो कागद बाजूला ठेवा.

राज्याच्या शासन निर्णयांसाठी महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र विभाग आहे. खऱ्या निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात संकेतांक दिलेला असतो. तो टाकून निर्णय उघडला पाहिजे. कृषी, पणन आणि अन्न व औषध प्रशासन यांचे निर्णय वेगवेगळ्या विभागांखाली येतात, तिघांचेही पाहावे लागतात. शासन निर्णयानं योजना, अनुदान, कार्यपद्धती ठरते. कायद्यातली शिक्षा किंवा मानक त्यानं बदलत नाही. बदल कायद्यात असेल तर तो राज्य राजपत्रात अध्यादेश किंवा अधिनियम म्हणून येतो. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला तो अध्यादेशानं. आणि राज्याचा अन्न सुरक्षा आयुक्त अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३०(२)(अ) खाली जी बंदी घालतो ती एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची असते. २०१२ पासून आपल्याकडची गुटखाबंदी म्हणूनच दरवर्षी नव्या आदेशानं पुढं चालते. असा आदेश पाहताना वर्ष तपासा.

कायद्याचा मजकूर वाचायचा असेल तर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर सुधारित प्रत बघा, कुठल्याशा पुस्तिकेतली नको. जुने मजकूर इंटरनेटवरून जात नाहीत. २०२० चे तीन कृषी कायदे जूनमध्ये अध्यादेश म्हणून आले, सप्टेंबरमध्ये अधिनियम झाले, १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अंमलबजावणी थांबवली आणि वर्षअखेरीस ते रद्द झाले. साठामर्यादेवरची जीवनावश्यक वस्तू कायद्याची २०२० ची दुरुस्ती त्यातच होती आणि तीही गेली. तरी ‘डाळींना आता साठामर्यादा नाही’ असं सांगणारे लेख अजून वाचायला मिळतात. जून २०२३ मध्ये केंद्रानं तूर आणि उडदावर, मग गव्हावर साठामर्यादा लावल्याच. दुसरा धोका आडवळणाचा: तुमचा कायदा दुसऱ्याच कायद्यानं बदलतो. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमानं एका फटक्यात ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या. त्यात अन्न सुरक्षा कायदा आणि ॲगमार्कचा १९३७ चा कायदाही आला. नावात ना शेती ना अन्न, मग शोधणार कसं? म्हणूनच सुधारित प्रत.

लेबलावर जरा सविस्तर बोलतो, कारण छोट्या कंपनीचा दंड बहुतेक वेळा तिथंच होतो. एकाच पाऊचवर दोन खाती बघतात. अन्नाचा मजकूर २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले विनियमांत. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत वैधमापन नियमांत. एकाची दुरुस्ती झाली म्हणून लेबल बदलताना दुसऱ्याचं काहीतरी गळतं. बेदाण्याचं नेमकं उदाहरण घ्या. रंग टिकावा म्हणून धुरी दिली की सल्फाइट मागं राहतं. ते किलोला १० मिलीग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर ॲलर्जीकारक घटक म्हणून स्पष्ट लिहावं लागतं. धुरीच्या बेदाण्यात ते बहुधा जास्तच असतं, आणि तरी पाऊचवर फक्त ‘घटक: बेदाणा’ एवढंच छापलेलं दिसतं. दम्याच्या रुग्णाला सल्फाइटनं खरोखर त्रास होतो, म्हणून ही ओळ नुसत्या दंडासाठी नाही. किती मिलीग्रॅमपर्यंत चालतं ते लेबलच्या नव्हे, अन्नमिश्रकांच्या विनियमांत सापडेल. हळदीतलं शिसं दूषक पदार्थांच्या विनियमांत. क्रोमेटची भेसळ नसावी ही अट हळदीच्या मानकात. एका मालासाठी चार नियमावल्या उघडाव्या लागतात, म्हणून प्रत्येक मालाचं एक पान करून चारही आकडे एकत्र लिहून ठेवा.

लेबलच्या दुरुस्त्यांना एफएसएसएआय सहसा १ जुलै ही तारीख देतं. याचा फायदा घ्या: पाऊचची मोठी छपाई एप्रिल-मेमध्ये टाकू नका, त्या वर्षीच्या १ जुलैला काय लागू होतंय ते पाहून टाका, आणि एका वेळी सहा महिन्यांच्या खपापेक्षा जास्त छापू नका. छपाईच्या सिलिंडरच्या खर्चामुळे छापखाना मोठी ऑर्डर मागतो हे खरं. मग बदलू शकणारा मजकूर, म्हणजे किंमत, प्रति किलो दर, परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख, सिलिंडरमध्ये न घालता कोऱ्या चौकटीत इंकजेटनं मारा. आणि तारखा पुढंही ढकलल्या जातात: प्रति एकक किंमत छापण्याची २०२१ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू व्हायची होती, ती पुढं गेली. म्हणून छपाईच्या आदल्या आठवड्यात तारीख पुन्हा बघा.

निर्यातीत सगळ्यात महागडी चूक म्हणजे एकाच खात्याचा कागद वाचून गाडी भरणं. कांद्याचा क्रम पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरपासून बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्यासह, आणि मधे हटलेलं ४० टक्के शुल्क त्याच दिवसापासून पुन्हा लागलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. यात बंदी आणि किमान मूल्य वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीएफटीचं, शुल्क अर्थ मंत्रालयाचं. ‘बंदी उठली’ एवढीच अधिसूचना वाचून सौदा केला तर ४० टक्के कोणी भरायचे, यावर भांडण ठरलेलं. कांदा तुमचा माल नसला तरी सौद्याची पद्धत तीच ठेवा: करारात ‘करारानंतर शुल्क किंवा निर्बंध बदलल्यास भार कोणाचा’ ही ओळ हवीच. बंदीच्या अधिसूचनेत वाटेतल्या मालासाठी सवलतीचा परिच्छेदही बघा. बहुधा जहाजात भराई सुरू झालेला, किंवा कस्टम्सच्या ताब्यात दिलेला माल सोडला जातो, पण त्यासाठी वेळेचा पुरावा लागतो. शिपिंग बिल आणि बंदरात शिरल्याची पावती यांवर तारीख-वेळ नीट उमटलीय का, हे कस्टम ब्रोकरकडून त्याच दिवशी मागून घ्या.

युरोपच्या अवशेषमर्यादा, म्हणजे मालात औषधाचा अंश किती चालतो त्या मर्यादा, हा वेगळा प्रांत. तिथं नियम क्रमांक ३९६/२००५ च्या मर्यादा सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य देशांत एकसारख्या झाल्या. ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलीग्रॅम. २०१० च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं आणि कंटेनर अडकले. वाढ रोखण्यासाठी हे संजीवक बागेत वर्षानुवर्षं वापरात होतं आणि युरोपची मर्यादा त्याआधीच लागू झालेली होती. फक्त आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. यादी म्हणजे कायदा नव्हे, हे त्या हंगामानं दाखवलं. प्रयोगशाळेचा ‘पास’ हा त्या यादीपुरताच असतो. म्हणून ऑक्टोबर छाटणीआधी तीन कागद शेजारी ठेवा: अपेडाच्या अवशेष नियंत्रण योजनेतली त्या हंगामाची शिफारस यादी, युरोपीय आयोगाच्या खुल्या माहितीसाठ्यातली ‘टेबल ग्रेप्स’ची मर्यादा, आणि सभासदाच्या फवारणी वहीतली औषधं. वहीतलं जे औषध, संजीवक किंवा ‘टॉनिक’ पहिल्या दोन्हींत नसेल, ते त्या बागेतून बाहेर. टॉनिकच्या बाटलीत न लिहिलेलं कीटकनाशक निघण्याचा धोका खरा आहे. घटक छापलेले नसलेली बाटली निर्यातीच्या बागेत येऊच देऊ नका.

युरोप मर्यादा बदलणार असेल तर जागतिक व्यापार संघटनेला आधी कळवतो. ‘ई-पिंग’ या फुकट सेवेवर उत्पादन आणि बाजार निवडून ईमेल सूचना लावा. छाटणीच्या वेळी मर्यादा बदलणार असल्याचं कळलं तर फवारणीचं वेळापत्रक बदलता येतं. काढणीच्या वेळी कळून उपयोग नाही.

हे सगळं चालवायचं कसं? एक माणूस ठरवा, बदली माणूसही ठरवा, आणि सोमवारी सकाळी अर्धा तास राखा. क्रम असा: एफएसएसएआयच्या अधिसूचना आणि निर्देश, ई-गॅझेटमध्ये कृषी आणि ग्राहक व्यवहार मंत्रालय, राज्याचे शासन निर्णय, निर्यातीच्या हंगामात डीजीएफटी, कस्टम्स आणि अपेडा. जे आपल्या टप्प्याला लागतं तेवढंच वहीत जातं. रकाने: कागदाची तारीख, कोणी काढला, कलम, आपला टप्पा, लागू तारीख, हातातल्या मालाचं काय, करायचं काम, कोणी, कधी झालं. पीडीएफ उतरवून ठेवा; दुवे बदलतात. ‘बघितलं, लागत नाही’ अशी नोंदही घाला, म्हणजे सहा महिन्यांनी तोच मजकूर फिरून आला की पुन्हा धावपळ होत नाही. ही पद्धत मोडते ती कंटाळ्यानं नव्हे, तर शेवटचा रकाना कोरा राहिल्यानं. वाचलं सगळ्यांनी, पाऊच बदललं कोणीच नाही. म्हणून मासिक बैठकीत फक्त तोच रकाना वाचा.

ठरलेल्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर हव्यात. अन्न परवान्याच्या २०११ च्या विनियमांनी उत्पादकाला वार्षिक विवरणपत्रासाठी ३१ मे ही मुदत आणि उशिराला दिवसाला १०० रुपये दंड ठेवला. त्याच विनियमांत नोंदणी आणि परवाना यांच्यातली रेषा १२ लाखांच्या उलाढालीवर होती. असे आकडे पाठ करायचे नसतात; दर एप्रिलला ताजे बघून पान नवं लिहा. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापनाची नोंदणी, हे नव्या कंपन्या हमखास विसरतात.

आणि नमुना घ्यायला अन्न सुरक्षा अधिकारी दारात आला तर? कायदा त्या क्षणी काही हक्क देतो, ते माहीत नसले तर जातात. नमुन्याचे चार भाग होतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही करू शकता. खर्च तुमचा, पण मागणी त्याच वेळी लेखी करायला हवी. विश्लेषकाचा अहवाल विरोधात आला तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि त्या अधिकाऱ्यानं ठरवलं तर नमुना रेफरल प्रयोगशाळेत जातो. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून सही करा, कारण ३० दिवस तिथून मोजतात. अहवाल एखाद्या टेबलावर तीन आठवडे पडून राहतो आणि चांगला बचाव मुदतीत बसत नाही, हे फार वेळा घडतं.

शेवटची गोष्ट मसुद्यांबद्दल. हरकतीची मुदत साधारण ३० ते ६० दिवस असते आणि छोट्या उत्पादकांचं म्हणणं तिथं क्वचितच पोचतं. लांब निवेदन लागत नाही. मसुद्यातला परिच्छेद क्रमांक, त्यानं आपल्या मालावर नेमका काय परिणाम होतो, प्रयोगशाळेचे आकडे असतील तर ते, आणि त्या परिच्छेदाऐवजी सुचवलेला शब्दशः मजकूर, एवढं एका पानात पुरतं. ‘शेतकऱ्यांवर अन्याय’ असं लिहिलेल्या पत्रापेक्षा ‘परिच्छेद ४ मध्ये अमुक शब्दांऐवजी तमुक घाला’ असं लिहिलेलं पत्र समितीला वापरता येतं. तीन-चार शेतकरी कंपन्यांनी मिळून, पण प्रत्येकीनं स्वतःचे आकडे घालून वेगवेगळं पाठवलं तर अधिक बरं, आणि पाठवल्याची पोच वहीत चिकटवून ठेवा.